इटलीतला संप, आमची तिकिटं आणि बाबा

निघायला चार दिवस राहिले होते, घरभर बॅगा पसरलेल्या, चकल्या डब्यात नेऊ की पिशवीत यावर वाद चालू, आणि मिलानला शिकणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मेसेज आला, "ताई, तुम्ही त्या शुक्रवारी व्हेनिसहून फ्लॉरेन्सला जाताय ना? त्या दिवशी शॉपेरो आहे." मला वाटलं शॉपिंगचा काहीतरी सेल बिल असेल, म्हणलं वा, बरंय की. तर शॉपेरो म्हणजे संप. देशभर रेल्वेचा, गुरुवारी रात्री नऊपासून शुक्रवारी रात्री नऊपर्यंत. आणि आमची चार तिकिटं शुक्रवार सकाळी अकराची, सगळ्यात स्वस्तातली, तीन महिने आधी काढून ठेवलेली, ज्यांच्यावर स्पष्ट लिहिलेलं की पैसे परत मिळणार नाहीत.

चार म्हणजे मी, नवरा, आठवीतली लेक आणि माझे बाबा. बाबा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी स्वारगेट डेपोला. त्यांना परदेश दाखवायचा हे माझं जुनं खूळ, आणि त्यांची एकच अट होती की विमानानंतर सगळं रेल्वेने आणि बसने फिरायचं, टूर कंपनीच्या झेंड्यामागे पळायचं नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप.

नवऱ्याने मेसेज वाचून लगेच लॅपटॉप उघडला आणि टॅक्सीचे रेट बघायला लागला. व्हेनिस ते फ्लॉरेन्स रस्त्याने साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर, म्हणजे पुणे-सोलापूर धरा. रेट बघून त्याने लॅपटॉप तसाच मिटला. बाबा मात्र शांतपणे चहा पीत बसलेले, त्यांनी विचारलं, "हे दहा दिवस आधी सांगतायत? आणि कधी सुरू कधी बंद ते पण? नऊ ते नऊ? अगं मग हा संप कुठला, हा तर मेगाब्लॉक झाला."

आम्ही हसलो, पण पुढच्या दोन रात्री बसून जे काय वाचलं त्यात सगळ्यात उपयोगी वाक्य हेच निघालं. इटलीत संप करायचा हक्क राज्यघटनेच्या चाळिसाव्या कलमात आहे, पण रेल्वे-बस-दवाखाने असल्या अत्यावश्यक सेवांसाठी १९९०चा १४६ नंबरचा कायदा आहे, त्यात युनियनला किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते, संप किती वेळ चालणार ते सांगावं लागतं आणि संपातही काही किमान सेवा चालू ठेवाव्या लागतात. त्यावर लक्ष ठेवायला वेगळा आयोग आहे. मी हे वाचून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "नोटीस आपल्याकडे पण होती. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात चौदा दिवस. आम्ही पण द्यायचो की. पण संपात कुठली गाडी सुटणार याची यादी कोणी काढल्याचं मी तरी बघितलं नाही."

ते खरंय. २०१७च्या दिवाळीत एसटीचा संप झाला तेव्हा आम्हाला चिपळूणला जायचं होतं, बाबाच संपावर, आणि आम्ही त्यांच्याच संपामुळे स्वारगेटला ट्रॅव्हल्सवाल्यांशी घासाघीस करत उभे. तिप्पट भाडं मागत होते. शेवटी गेलोच नाही, फराळ पुण्यातच संपवला. आणि २०२१-२२चा तर विचारूच नका, पाच महिन्यांच्या वर चालला तो, बाबा तेव्हा रिटायर झाले होते पण रोज सकाळी पेपर उघडून आधी तीच बातमी. त्यामुळे आमच्या डोक्यात संप म्हणजे सगळं ठप्प, कधी सुटेल देव जाणे, हेच बसलेलं. इथे प्रश्नच उलटा होता, बंद काय आहे ते सोडा, चालू काय आहे ते शोधा.

शोधायचं कुठे, तर तिकडच्या वाहतूक मंत्रालयाच्या वेबसाइटवर संपांचा एक तक्ताच असतो. इटालियनमध्ये आहे पण ब्राउझरचं भाषांतर लावलं की कळतं. सुरुवातीची तारीख, संपायची तारीख, कुठली युनियन, कुठलं क्षेत्र म्हणजे रेल्वे का विमान का लोकल बस-मेट्रो, किती तास, आणि देशभर आहे का एखाद्या प्रांतापुरता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला घामच फुटला, कारण आमच्या बारा दिवसांत डझनभर ओळी दिसत होत्या. मग एकेक वाचत गेलो तर एक कुठल्यातरी गावच्या बस कंपनीचा चार तासांचा, एक विमानतळावर सामान चढवणाऱ्यांचा, एक सिसिलीतला, तिकडे आम्ही जातच नव्हतो. असं करत करत आमच्या कामाची एकच ओळ उरली, शुक्रवारचा रेल्वेचा. दुसरा होता आम्ही परत निघायच्या गुरुवारी रोममधल्या बस-मेट्रोचा. तो मात्र आम्ही मिलानमध्ये पोचल्यावर यादीत आला, त्यामुळे रोज रात्री झोपायच्या आधी ती यादी बघायची सवय लागली, आपण पावसाळ्यात खडकवासल्याचा विसर्ग बघतो तशी.

आणखी एक शब्द पाठ करून ठेवा, रेवोकातो. म्हणजे मागे घेतला. जाहीर झालेले बरेच संप होतच नाहीत, बोलणी होतात, मागे घेतात, कधीकधी अगदी आदल्या दिवशी. शिवाय सरकार हुकूम काढून तास कमी करू शकतं, २०२३च्या नोव्हेंबरात मंत्री साल्विनींनी वाहतुकीचा आठ तासांचा संप असाच चार तासांवर आणला होता. त्यामुळे घाईघाईत सगळं रद्द करून बसणं पण मूर्खपणा आणि होणारच नाही म्हणून निवांत राहणं पण मूर्खपणा. नवऱ्याला हे अजिबात झेपेना, त्याचं हिंजवडीतलं डोकं, त्याला हो किंवा नाही पाहिजे. त्याने एक्सेल केली. हिरवा पिवळा लाल. बाबांनी त्याला विचारलं, "ह्या पिवळ्याचं काय करायचं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्यापुढे साधारण असे रस्ते होते. एक, गुरुवारी संध्याकाळीच फ्लॉरेन्स गाठायचं. पण व्हेनिसच्या हॉटेलची शेवटची रात्र वाया आणि फ्लॉरेन्सला जास्तीची एक रात्र शोधायची, चौघांची. शिवाय यात एक खाच आहे, संप नऊला सुरू म्हणजे नऊपर्यंतच्या सगळ्या गाड्या सुखरूप पोचतील असं नाही. नियम असा की जी गाडी आधीच वाटेत आहे आणि संप सुरू झाल्यापासून तासाभरात शेवटच्या स्टेशनला पोचू शकते ती पोचते, नाहीतर मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर थांबवू शकतात. म्हणजे रात्री साडेआठची गाडी धरून तीन तास जायचं म्हणाल तर वाटेतल्या बोलोन्याच्या प्लॅटफॉर्मवर मुक्काम. म्हणून जायचंच तर सहाच्या आत निघायला हवं होतं.

दोन, रिजनल गाड्या. म्हणजे आपल्या पॅसेंजर-इंटरसिटीसारख्या, रिझर्व्हेशन नसलेल्या. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या वेळात यातल्या काही गाड्या चालवाव्याच लागतात, ऑफिसला जाणाऱ्या लोकांसाठी. याला ते फाशे दि गारान्त्सिया म्हणतात, म्हणजे हमीच्या वेळा, आमच्या घरी त्याचं "गॅरंटीची फाशी" झालं. मला हा पर्याय फार आवडला होता, स्वस्त आणि मस्त. व्हेनिस ते बोलोन्या दोनेक तास, पुढे बोलोन्याहून डोंगर ओलांडून फ्लॉरेन्स. पण बाबांनी कागद घेतला आणि पेन्सिलने मांडून दाखवलं, सहाला निघून आठला बोलोन्या ठीक आहे, पण पुढची गाडी साडेआठला सुटली तर नऊला ती मध्येच असणार, आणि बदलायची गाडी चुकली तर आपण संपाच्या मध्यात अडकणार, संध्याकाळी सहापर्यंत. "कनेक्शन धरायचं नाही," म्हणाले, "संपात एकच गाडी, सरळ शेवटपर्यंत जाणारी." एकतीस वर्षं लोकांच्या चुकलेल्या गाड्या बघितलेला माणूस, ऐकलं मुकाट्याने.

तीन, लांब पल्ल्याच्या प्रायव्हेट बसेस. त्यांचा रेल्वे संपाशी संबंध नाही, पण बाकी सगळ्यांनाही हे माहीत असतंच. मंगळवारी रात्री बघितलं तेव्हा सीट होत्या, बुधवारी सकाळी चहा होईपर्यंत चारातल्या दोन बसेस फुल आणि तिसरी पहाटे.

आणि चौथा रस्ता, जो आम्ही घेतला, तो म्हणजे हमीच्या गाड्यांची यादी. लांब पल्ल्याच्या काही ठराविक गाड्या संपातही चालवायच्या हे आधीच ठरलेलं असतं, गाडीच्या नंबरासकट यादी रेल्वे कंपन्यांच्या साइटवर असते, कामाच्या दिवसाची वेगळी आणि सुट्टीच्या दिवसाची वेगळी. हे नीट बघायचं, कारण मी आधी सुट्टीच्या दिवसाची यादी बघून अर्धा तास खूश होते. गाडीचं नाव बघायचं नाही, नंबर बघायचा, वेळ पण बघायची, कुठून कुठपर्यंत ते पण. आमची अकराची गाडी यादीत नव्हती. पण व्हेनिसहून रोमकडे जाणारी, आमच्या हॉटेलजवळच्या मेस्त्रे स्टेशनला थांबणारी आणि फ्लॉरेन्सवरून जाणारी सकाळची एक होती. एकच गाडी, सरळ.

जुनं तिकीट रिफंड न होणारं होतं, तरी संपासाठी नियम वेगळा. संप जाहीर झाला की अशा गाडीचे पैसे परत मागता येतात, लांब पल्ल्याच्या गाडीला सुटायच्या वेळेपर्यंत मुदत, रिजनलला मात्र संप सुरू व्हायच्या आतच. म्हणजे आम्ही आधी नवीन तिकीट काढलं, मगच जुन्याचा रिफंड टाकला, उलटं केलं असतं आणि मधल्या वेळात सीट गेल्या असत्या तर बसलो असतो बोंबलत. नवीन तिकीट जुन्याच्या अडीचपट पडलं. नवरा म्हणाला हा संप आपल्याला पडला. बाबा म्हणाले, "त्यांचा त्या दिवसाचा पगार पण कापला जातो, ते कुठे बोलतायत."

मेस्त्रेबद्दल जाता जाता. लोक म्हणतात व्हेनिसमध्येच राहा, ते रोमँटिक वगैरे असेलही, पण चार माणसांचं आपल्याला परवडेल असं हॉटेल व्हेनिसच्या बेटाला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे मेस्त्रेत मिळतं, आणि संपाच्या दिवशी त्याचा असा फायदा झाला की आम्ही हॉटेलमधून बॅगा ओढत सात मिनिटांत स्टेशनला. बेटावर असतो तर पहाटे वॉटरबस चालू आहे का नाही, ती कुठल्या धक्क्याहून, हे एक वेगळं रामायण. संपाच्या दिवशी मुक्काम स्टेशनपासून चालत जाता येईल असाच हवा, दोन्ही गावात.

शुक्रवारी सकाळी स्टेशनात शिरलो तर मी अपेक्षा केली होती गर्दी, घोषणा, पोलीस. काही नाही. बोर्डावर ओळीने लाल अक्षरात कान्चेल्लातो, कान्चेल्लातो, कान्चेल्लातो, मध्येच एखादी गाडी जिच्यापुढे काही लिहिलेलं नाही, आणि लोक एस्प्रेसो मारून त्या एका गाडीची वाट बघतायत. कोणी भांडत नव्हतं. एक आजी माझ्या बाबांकडे बघून बोर्डाकडे बोट दाखवून हात हवेत उडवून काहीतरी म्हणाल्या, बाबांनी मराठीत "होय हो, काय करणार" म्हणलं आणि दोघांचं समाधान झालं. आमची गाडी पंचवीस मिनिटं लेट दाखवत होती. लेट दाखवतीये म्हणजे येतीये, हे बाबांचं लॉजिक. आली.

आत मात्र चिकार गर्दी, दाराजवळच्या जागेत बॅगांचा डोंगर, ज्यांच्या गाड्या रद्द झाल्या ते लोक पण चढलेले, चेकर त्यांना काही म्हणत नव्हता. आमच्या सीट रिझर्व्ह होत्या म्हणून बरं. बाबांनी मुद्दाम खिडकी घेतली होती, बोलोन्यानंतर ॲपेनाइन्सचे डोंगर लागतात, खंडाळ्याच्या घाटासारखं काहीतरी बघायला मिळेल म्हणून. पण ती २००९ साली सुरू झालेली हायस्पीड लाइन अठ्ठ्याहत्तर किलोमीटरची आहे आणि त्यातले त्र्याहत्तर किलोमीटर बोगदा. काळोख, अर्धा सेकंद उजेड, परत काळोख. "याच्यापेक्षा आपली डेक्कन क्वीन परवडली," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोवेल्लाला उतरलो तेव्हा साडेदहा पण वाजले नव्हते, आमची मूळची अकराची गाडी अजून सुटायच्याही आधी. ती अर्थातच सुटली नाही.

दुपारी जेवून गावात फिरत होतो तर समोरून मोर्चा. फार मोठा नाही, लाल झेंडे, एक ढोल, पिवळी जॅकेट घातलेली माणसं. लेक म्हणाली चला इथून, बाबा म्हणाले थांब. कडेला उभे राहिले, हात मागे बांधून, डेपोच्या गेटवर उभे राहायचे तसे. एका बाईने येऊन त्यांच्या हातात पत्रक दिलं, त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. रात्री हॉटेलवर मला म्हणाले वाच काय लिहिलंय. मी मोबाईल धरून भाषांतर केलं, पगाराचा करार रखडलाय, ड्युटी संपल्यावर पुरेशी विश्रांती मिळत नाही, गाडीत स्टाफला मारहाण होते त्याचं काहीतरी करा. बाबांनी मारहाणीचं वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "सुट्टे पैसे नसले की होतं." मी म्हणलं बाबा तिकडे सुट्ट्यांचा प्रश्न नाहीये, सगळं मोबाईलवर. "मग कशावरून मारतात?" ते काही पत्रकात नव्हतं.

आता रोमचं. इथे नियम वेगळे, कारण शहरातल्या बस-मेट्रोच्या हमीच्या वेळा प्रत्येक शहराच्या वेगळ्या असतात. रेल्वेचं सहा ते नऊ डोक्यात घेऊन शहरात फिरायला गेलात तर फसाल. रोममध्ये सेवा सुरू झाल्यापासून सकाळी साडेआठपर्यंत आणि मग संध्याकाळी पाच ते आठ. मिलानमध्ये सकाळी पावणेनऊपर्यंत आणि दुपारी तीन ते सहा. आणि हे सुद्धा दगडावरची रेघ नाही, २०२४च्या ८ नोव्हेंबरला लोकल वाहतुकीचा जो देशव्यापी संप झाला त्यात या नेहमीच्या वेळा नव्हत्याच, त्यामुळे त्या त्या संपाची सूचना वाचायचीच.

आमचं विमान गुरुवारी दुपारी तीनचं. विमानांचं एक बरंय, २७ जुलै ते ५ सप्टेंबर या काळात तिकडे विमान सेवेत संप करता येत नाही, म्हणजे उन्हाळ्यात जाणाऱ्यांची तेवढी काळजी मिटते. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलेलो, पण आमच्या दिवशी विमानवाले नव्हतेच, फक्त शहरातली बस-मेट्रो. हॉटेल ओत्ताव्हियानो मेट्रो स्टेशनजवळ. तिथून तेर्मिनी स्टेशन मेट्रोने, आणि तेर्मिनीहून विमानतळाची लिओनार्दो एक्सप्रेस, बत्तीस मिनिटांत फ्युमिचिनो. ती गाडी रेल्वेची, त्या दिवशी रेल्वेचा संप नाही, म्हणजे ती चालणार. अडकलं होतं ते फक्त ओत्ताव्हियानो ते तेर्मिनी, सहा स्टेशनं. एवढ्यासाठी साडेआठच्या आत मेट्रो धरायची का? नवरा म्हणाला आरामात अकराला टॅक्सी करू. बाबा म्हणाले संपाच्या दिवशी सगळं गाव टॅक्सी शोधत असतं, स्वारगेटला रिक्षावाले काय करतात बघितलंयस ना. मग झालं, पावणेआठला बॅगा घेऊन मेट्रोत. तुडुंब, चार बॅगा आणि लेकीचं तोंड फुगलेलं, कारण हॉटेलचा नाश्ता आठला सुरू व्हायचा.

नऊच्या आत आम्ही विमानतळावर. काउंटर उघडायला तीन तास. चकल्यांचा शेवटचा डबा उघडला, पिसाचा मनोरा बघितला नाही म्हणून लेकीने परत एकदा ऐकवलं, नवऱ्याने मोबाईल काढला आणि रोमच्या मेट्रोचं स्टेटस बघत बसला. साडेनऊ, चालू. दहा, चालू. साडेदहालाही आमची लाइन चालूच, संपात फारसं कोणी सामील झालंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, मी चकलीकडे बघत होते.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "छोटी युनियन असेल," आणि बाकड्यावर पाय वर घेऊन बसले.